घर तेच, राज्य निराळे : शस्त्रपरवान्याच्या तीन पुस्तिका

आमच्या घरातील जुन्या सागवानी पेटीत तीन लहान पुस्तिका सुतळीने एकत्र बांधून ठेवलेल्या आहेत. आजोबा बेळगावात वकिली करीत. त्यांच्यापाशी .३२ बोअरचे एक रिव्हॉल्व्हर होते. त्याच्या परवान्याच्या या पुस्तिका. पहिली १९५० सालची असून तिच्यावर मुंबई राज्याचा शिक्का आहे. दुसरी १९६२ नंतरची. तिच्यावर म्हैसूर राज्याचा. तिसरी वडिलांच्या नावाची. तिच्यावर कर्नाटक राज्याचा. परवानाधारकाचे नाव एकदा बदलले, कारण आजोबा वारले. शस्त्राचा क्रमांक बदलला नाही. पत्ता तर मुळीच बदलला नाही. गल्ली तीच, घर तेच. तरीही एकाच शस्त्राची नोंद तीन राज्यांच्या नावाने झाली.

शाळेत राज्यपुनर्रचना शिकविताना आपण भिंतीवर दोन नकाशे टांगतो, एक १९५६ पूर्वीचा व एक नंतरचा, आणि विद्यार्थ्यांस रंग बदललेले प्रदेश दाखवितो. परंतु राज्य म्हणजे केवळ नकाशावरील रंग नव्हे. सामान्य माणसास राज्य भेटते ते कचेरीतील नोंदवहीच्या रूपाने. त्याची जमीन, त्याचा जन्म, त्याच्या मुलांचे शाळेतील नाव, या साऱ्यांच्या नोंदी कोठे तरी होत असतात. या नोंदींत सर्वांत काटेकोर नोंद शस्त्राची. जमीन जागची हलत नाही. पिस्तूल मात्र कोटाच्या खिशात घालून एका रात्रीत दुसऱ्या राज्यात नेता येते. म्हणून माणूस राज्य बदलतो, किंवा राज्यच माणसाभोवती बदलते, तेव्हा त्याच्या शस्त्राची नोंद कोणी ठेवावयाची, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा आपल्या देशातील इतिहास थोडक्यात मांडण्याचा विचार आहे. आपल्यापैकी बहुतेकांची घराणी बेळगाव, बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद किंवा गोवे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. त्यांनी या इतिहासाचा पुष्कळसा भाग घर न सोडताच अनुभवला आहे.

सत्तावन सालच्या उठावापूर्वी शस्त्र बाळगणे ही आपल्या समाजात सामान्य गोष्ट होती. पाटलाच्या घरी बंदूक, देशमुखाच्या वाड्यात तलवारी, प्रवासी व्यापाऱ्याबरोबर भालाईत, हे चित्र कोणासही विशेष वाटत नसे. उठाव मोडल्यावर इंग्रज सरकारने प्रथम १८५७ साली व नंतर १८६० साली कायदे करून ठिकठिकाणचे प्रांत निःशस्त्र केले. तथापि सबंध ब्रिटिश हिंदुस्थानास लागू पडेल असा, बंदूक अथवा पिस्तूल बाळगावयाचे तर परवाना हवाच असे सांगणारा कायदा १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत झाला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच साली झाला, ही गोष्ट वाचकांस परिचित आहे. पुढे लॉर्ड रिपनच्या काळात, १८८२ साली, वृत्तपत्रांचा कायदा रद्द झाला. शस्त्रांचा मात्र राहिला. लेखणी काही अंशी मोकळी करण्यास सरकार तयार होते. बंदुकीच्या बाबतीत ते तयार नव्हते.

या कायद्याची बोचणी केवळ परवान्याची नव्हती. त्याखालील नियमांनी युरोपियनांस परवान्यातून सूट दिली होती; हिंदी माणसास, मग तो कितीही प्रतिष्ठित असो, अर्ज करावा लागे. ही वंशभेदावर आधारलेली सूट पहिल्या महायुद्धानंतर काढून टाकण्यात आली. तोपर्यंत चाळीस वर्षे परवान्याची पुस्तिका ही सुशिक्षित हिंदी गृहस्थाच्या मनात एक सल होऊन राहिली होती. परवाना मिळणे वा न मिळणे हा अधिकाऱ्याच्या मर्जीचा भाग असे. ज्यास तो मिळे त्याच्याविषयी सरकारदरबारी विश्वास आहे असे समजले जाई, आणि अशा विश्वासाचा अभिमान वाटावा की लाज, हा प्रश्न त्या काळातील अनेक घरांत उपस्थित झाला असल्यास नवल नाही.

आता सीमेचा प्रश्न पाहू. १८७८ चा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. संस्थानांतून संस्थानिकांचे स्वतःचे नियम चालत. हिंदुस्थानच्या इतर भागांत ही गोष्ट कदाचित दूरची वाटेल, परंतु दक्षिण महाराष्ट्र व बेळगाव या पट्ट्यात ती रोजच्या चालण्याफिरण्यातील होती. कोल्हापूर, सांगली, मिरज, जमखंडी, मुधोळ, रामदुर्ग, सावंतवाडी अशी लहानमोठी संस्थाने ब्रिटिश जिल्ह्यांशी कापडातील उभ्याआडव्या धाग्यांप्रमाणे गुंतलेली होती. बेळगाव शहरास लागून असलेले शहापूर हे सांगली संस्थानात होते. बेळगावच्या बाजारातून शहापूरच्या बाजारात पायी जाणारा माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असे. आज शहापूर हा बेळगावचाच भाग आहे, आणि तेथील तरुणास ही हकिगत सांगितली तर ती त्यास खरी वाटत नाही.

१८७८ च्या कायद्यात समुद्रमार्गे अथवा खुष्कीच्या मार्गाने ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रे आणणे किंवा तेथून बाहेर नेणे परवान्यावाचून मना होते. ज्यास कायदेशीरपणे शस्त्र बाळगण्याचा अधिकार आहे त्याने ते स्वतःच्या उपयोगासाठी बेताच्या प्रमाणात बरोबर आणल्यास मात्र सूट असे. म्हणजे सीमा ओलांडताना शस्त्रास विचारला जाणारा प्रश्न शेवटी धन्याविषयीचाच होता : हा माणूस कोण, आणि याच्यावर विश्वास ठेवणारे सरकार कोणते? संस्थानी प्रजेपैकी एखादा गृहस्थ ब्रिटिश हद्दीत राहावयास आला, तर त्याच्या दरबाराने दिलेली परवानगी येथे पुरेशी होत नसे. राज्य बदलले की विश्वासही नव्याने मिळवावा लागे.

कायद्याचा हा पहारा कोणास अडवू शकला व कोणास नाही, याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. लंडनमध्ये असलेल्या सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुले चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर हिंदुस्थानात पाठविली. त्यांपैकी एका पिस्तुलाने अनंत कान्हेरे यांनी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यास ठार केले. त्या पिस्तुलांची नोंद कोणत्याही कचेरीत नव्हती. नोंदवहीत नाव असे ते पिकांची राखण करणाऱ्या शेतकऱ्याचे आणि खजिना सांभाळणाऱ्या सावकाराचे. क्रांतिकारकांनी परवाना मागितला नाही. मागणारे होते ते सरकारला मान देऊन राहणारे लोक. कायद्यातील ही विसंगती त्या काळच्या नेत्यांच्या नजरेतून सुटली नाही.

राष्ट्रीय सभेने शस्त्रकायद्याचा प्रश्न फार लौकर हाती घेतला. १८८७ साली मद्रासला बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या तिसऱ्याच अधिवेशनात या कायद्यात बदल करावा असा ठराव झाला. १९२८ सालच्या नेहरू अहवालातील मूलभूत हक्कांच्या यादीत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क समाविष्ट होता. जानेवारी १९३० मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतील एक स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने लोकनियंत्रणाखाली दिले जावेत अशी होती. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या पुरुषाने ही मागणी करावी याचे काहींना आश्चर्य वाटते. परंतु गांधीजींचा विचार सुसंगत होता. ज्याच्या हाती शस्त्र नाही त्याने ते न उगारणे ही अहिंसा नव्हे, ही त्यांची भूमिका होती. आणि संपूर्ण राष्ट्र निःशस्त्र करणे हे ब्रिटिश सत्तेचे एक मोठे पाप होय, असे त्यांनी १९१८ सालीच स्पष्ट म्हटले होते. १९३१ च्या कराची अधिवेशनातील मूलभूत हक्कांच्या ठरावातही हा हक्क पुन्हा आला.

येथवरचा इतिहास वाचणाऱ्यास असे वाटेल की स्वातंत्र्य मिळताच परवान्याची पुस्तिका निकालात निघाली असेल. तसे घडले नाही. ते का घडले नाही हे समजून घेण्यासाठी १९४८ सालाकडे वळावे लागते.

त्या वर्षाचा आरंभ कोणत्या घटनेने झाला हे सांगावयास नको. ३० जानेवारी रोजी दिल्लीत महात्माजींवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या ते इटालियन बनावटीचे बेरेटा पिस्तूल होते, आणि ते दोनच दिवस आधी ग्वाल्हेरीत मिळविण्यात आले होते. ग्वाल्हेर संस्थान तेव्हा भारतात सामील झाले असले, तरी त्याचे अंतर्गत कायदे त्याचे स्वतःचे होते. पिस्तूल ग्वाल्हेरहून दिल्लीस आले ते कोणत्याही परवान्यावाचून. खुनाच्या खटल्यात इतर आरोपांबरोबर शस्त्र विनापरवाना आणल्याचाही आरोप होता. मराठी माणसाने हा प्रसंग मान खाली घालूनच लिहावयाचा, आणि ग्वाल्हेरच्या मराठी समाजास तर त्याचे दुःख विशेष सोसावे लागले. त्या एका प्रसंगावरून संपूर्ण शस्त्रकायद्याची मीमांसा करणे योग्य होणार नाही. परंतु एका लहानशा शस्त्राने एक सीमा नकळत ओलांडली आणि देशाचा इतिहास बदलला, ही वस्तुस्थिती दृष्टीआड करता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबादची पोलीस कारवाई झाली. फाळणीच्या दंगलींच्या जखमा ताज्या होत्या.

अशा वातावरणात, डिसेंबर १९४८ मध्ये, घटनासमितीपुढे ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. कराचीच्या ठरावाचा आधार त्यांच्यापाशी होता. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि सभेने ती फेटाळली. साठ वर्षे ज्या हक्काची मागणी केली, तो हक्क सत्ता हाती येताच पुढाऱ्यांनी बाजूस ठेवला, असे म्हणणारे तेव्हाही होते व आजही आहेत. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि मागणी करणारा आणि राज्य चालविणारा यांच्या जबाबदाऱ्या भिन्न असतात. नव्याने जन्मलेल्या राज्यास सर्वांत मोठी चिंता होती ती ते टिकते की नाही याची.

घटनासमितीने याच विषयासंबंधी आणखी एक निर्णय केला. तो फारसा गाजला नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. शस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय घटनेच्या सातव्या परिशिष्टातील संघसूचीत पाचव्या क्रमांकावर घालण्यात आला. म्हणजे यासंबंधी कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. कोणत्याही राज्याच्या विधिमंडळाचा नव्हे. परवाना देणारा अधिकारी जिल्ह्यातला, तपास करणारे पोलीस राज्याचे, पण कायदा मात्र सबंध देशाचा एक. या निर्णयाचे फळ पुढील दहा वर्षांत आपल्या वाडवडिलांच्या पदरात पडले.

ती दहा वर्षे कशी गेली हे आपल्याच गावांवरून पाहावे. बडोद्याचा एखादा मराठी गृहस्थ १९४९ च्या एप्रिलपर्यंत गायकवाड सरकारची प्रजा होता. १ मे १९४९ रोजी तो मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी गुजरातमध्ये. इंदूरचा गृहस्थ होळकरशाहीतून १९४८ साली मध्य भारतात गेला आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात. ग्वाल्हेरच्या शिंदेशाहीतील माणसाचा प्रवासही असाच. हैदराबादचा मनुष्य निजामाच्या राज्यातून हैदराबाद राज्यात, तेथून १९५६ साली आंध्र प्रदेशात आणि २०१४ साली तेलंगणात आला. मराठवाड्यातील त्याचे आप्त मात्र १९५६ साली मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात गेले. बेळगावकर १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्याच तारखेस त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. यांपैकी एकानेही बैलगाडीत सामान भरले नव्हते.

कायद्यास या स्थित्यंतरांचा माग ठेवावा लागला. मध्य भारत, हैदराबाद यांसारख्या ‘ब’ वर्गातील राज्यांस १९५१ सालच्या एका कायद्याने इतर केंद्रीय कायद्यांबरोबर १८७८ चा शस्त्रकायदाही लागू करण्यात आला. लिटनचा कायदा ग्वाल्हेर, इंदूर व हैदराबाद या गावांत पोचला तो लिटनचे साम्राज्य संपल्यानंतर! इतिहासातील असे योग विद्यार्थ्यांस सांगण्यासारखे असतात. पुढे १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्यात असे कलम घालण्यात आले की, प्रदेश एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला तरी तेथे चालू असलेले कायदे, निराळी तरतूद होईपर्यंत, पूर्वीप्रमाणेच चालू राहतील. यामुळे १ नोव्हेंबर १९५६ च्या सकाळी आजोबांचा परवाना रद्द झाला नाही. आदल्या रात्री ते मुंबई राज्यात निजले व म्हैसूर राज्यात उठले. त्यांना या बदलाचे काय वाटले हा प्रश्न वेगळा, आणि त्याविषयी या भागातील मराठी माणसाच्या भावना सर्वांस ठाऊक आहेत. परंतु उशाखालचे रिव्हॉल्व्हर त्या रात्रीत बेकायदेशीर झाले नाही. मुदत संपल्यावर नूतनीकरणाच्या वेळी निराळा शिक्का बसला, एवढेच.

याच संदर्भात कोडगूचे उदाहरण उद्‌बोधक आहे. कोडव समाजातील लोकांस व ‘जम्मा’ पद्धतीच्या जमीनधारकांस इंग्रज सरकारने १८६१ सालीच शस्त्रकायद्यातून सूट दिली होती. सत्तावन सालानंतर ज्या सरकारने सबंध देश निःशस्त्र केला, त्यानेच या एका डोंगरी प्रदेशातील लोकांवर विश्वास टाकला. कोडगू हे १९५६ पर्यंत स्वतंत्र राज्य होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे बेळगाव ज्या दिवशी म्हैसूर राज्यात गेले त्याच दिवशी, कोडगूही त्या राज्यात गेले. एकाच दिवशी एकाच राज्यात आलेल्या या दोन जिल्ह्यांपैकी एकातील माणसास बंदुकीसाठी परवाना लागे आणि दुसऱ्यातील कोडवास लागत नसे. ही सूट आजही आहे. केंद्र सरकारने २०१९ साली तिची मुदत २०२९ पर्यंत वाढविली, आणि २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. वंशावर आधारलेली एक सूट महायुद्धानंतर गेली आणि परंपरेवर आधारलेली दुसरी टिकली. राज्य कोणावर किती विश्वास ठेवते, याला नियमांखेरीज इतिहासाचाही हात असतो.

१८७८ चा कायदा अखेरीस १९५९ साली नव्या कायद्याने दूर केला. हा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याने परवाना काढून टाकला नाही. परवान्यामागील भूमिका मात्र काहीशी बदलली. तलवारी, भाले यांसारख्या शस्त्रांना सरसकट परवाना लागण्याचे बंद झाले. तो लागे तो केवळ सरकारने जाहीर केलेल्या क्षेत्रांत. बंदूक व पिस्तूल यांचा परवाना नाकारावयाचा तर अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत आणि त्या निर्णयाविरुद्ध अर्जदारास अपील करता यावे, अशी व्यवस्था झाली. लिटनच्या काळातील अर्जदार मर्जीची वाट पाहत असे. १९६२ नंतरचा अर्जदार कारण विचारू शकत होता. दुसऱ्या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर नव्या कायद्याचे नाव छापलेले आहे, ते वाचताना मला नेहमी या फरकाची आठवण होते.

माणसाने राज्य बदलल्यास काय करावयाचे, हेही नव्या नियमांत स्पष्ट केलेले होते. परवानाधारक कायमचा दुसरीकडे राहावयास गेला, तर त्याने तीस दिवसांच्या आत दोन ठिकाणी कळवावे : ज्या अधिकाऱ्याने परवाना दिला त्यास, आणि नव्या ठिकाणच्या अधिकाऱ्यास. नव्या अधिकाऱ्याने मागितल्यास परवाना व शस्त्र दोन्ही त्यास दाखवावीत, आणि त्याने परवान्यावर नव्या पत्त्याची नोंद करावी. परवाना कोणत्या प्रदेशापुरता आहे, जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की सबंध देशापुरता, हे परवान्यावर लिहिलेले असते. ते न पाहता शस्त्र बरोबर घेऊन सीमा ओलांडणे हा अपराध ठरू शकतो. कायदा एकच असल्यामुळे जुन्या ठिकाणी जे शस्त्र कायदेशीर होते ते नव्या ठिकाणी जातीने बेकायदेशीर ठरत नाही. बदलावयाची असते ती नोंद ठेवणारी कचेरी.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील व्यवस्थेशी तुलना केल्यास याचे महत्त्व ध्यानात येते. तेथे १७९१ च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीने शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेतच आहे. आपल्या घटनासमितीने जे नाकारले ते तेथे दीडशे वर्षांहून अधिक काळ होते. परंतु तेथील शस्त्रविषयक कायदे बव्हंशी राज्याराज्यांचे आहेत. न्यूयॉर्कने १९११ साली सलिव्हन कायदा करून लपविता येण्याजोग्या शस्त्रांस, म्हणजे मुख्यतः पिस्तुलांस, परवाना आवश्यक केला. १९३४ साली केंद्रीय कायद्याच्या मसुद्यात पिस्तुलांच्या नोंदणीचा समावेश होता. कायदा होण्यापूर्वी तो वगळण्यात आला. १९८६ च्या कायद्याने तर देशव्यापी नोंदवही ठेवण्यास केंद्र सरकारला मनाई केली. परिणामी आज तेथे घर बदलणाऱ्या माणसास राज्याराज्यांत अगदी निरनिराळे नियम भेटतात. हवाईत पोचल्यापासून पाच दिवसांच्या आत शस्त्राची नोंद करावी लागते. कॅलिफोर्नियात नव्याने राहावयास आलेल्यास साठ दिवसांत कळवावे लागते. बहुतेक राज्यांत नोंदवहीच नाही, आणि फ्लोरिडात शस्त्रधारकांची नोंदवही ठेवणे हाच कायद्याने अपराध आहे. न्यूयॉर्कचा परवाना मिळण्यासाठी अर्जदाराने विशेष कारण दाखविले पाहिजे, ही अट २०२२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा वाद तेथे अजून मिटलेला नाही. तेथे हक्क सबंध देशाचा आहे व नियम राज्याराज्यांचे. आपल्याकडे हक्क घटनेत नाही. नियम मात्र सबंध देशाचा आहे. दोहोंतील अधिक चांगले कोणते, हा निर्णय वाचकांवर सोपवितो. आमच्यासारख्या, राज्य अंगावरून सरकून गेलेल्या लोकांना दुसऱ्या व्यवस्थेचा उपयोग झाला, एवढे मात्र खरे.

तथापि ही व्यवस्थाही कागदावर वाटते तितकी सोपी नाही, हे वडील वारल्यावर समजले. परवाना हा व्यक्तीचा असतो, घराण्याचा नसतो. जमिनीसारखा तो वारसास आपोआप मिळत नाही. रिव्हॉल्व्हर प्रथम कायद्याप्रमाणे ठाण्यात जमा केले. धाकटा भाऊ नोकरीनिमित्त महाराष्ट्रात स्थायिक झालेला. आजोबांची आठवण म्हणून ते आपल्याकडे असावे असे त्याच्या मनात होते. त्याने अर्ज करावयाचा तो त्याच्या राहत्या ठिकाणी. शस्त्र मात्र इकडे, आणि शस्त्राची पूर्वपीठिका तीन राज्यांच्या दप्तरांत. पत्रे इकडून तिकडे गेली, तिकडून इकडे आली. प्रत्येकाने विचारले ते कायद्यास धरूनच विचारले; दोष कोणाचा म्हणता येणार नाही. परंतु शस्त्राची पहिली नोंद कोठली, या साध्या प्रश्नाचे उत्तर देताना मला १९५० सालच्या पुस्तिकेतील मुंबई राज्याचा शिक्का दाखवावा लागला, आणि समोरच्या तरुण कारकुनाने मोठ्या कुतूहलाने विचारले, “गुरुजी, बेळगाव मुंबईत होते?”

त्या प्रश्नाने मी काहीसा अंतर्मुख झालो. रात्री भावास पत्र लिहिले. आपणांपैकी कोणासही या शस्त्राची गरज नाही. आजोबांनी ते घेतले तेव्हा काळ निराळा होता. त्यांनी ते कधी चालविल्याचे घरात कोणाला आठवत नाही. मुलांच्या हाती ते पडावे असे आपल्या दोघांनाही वाटत नाही. तेव्हा ते सरकारजमा करावे. भावाने होकार कळविला, जरा उशिराने. रिव्हॉल्व्हर गेले. त्याचे वाईट वाटले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. परंतु पुस्तिका आम्ही जपून ठेवल्या.

त्यानंतर कायदा आणखी पुढे गेला आहे. २०१६ साली नवे नियम झाले. देशातील परवान्यांची एक मध्यवर्ती यादी तयार करण्यात आली असून प्रत्येक परवानाधारकास स्वतंत्र क्रमांक मिळतो. माणूस कोणत्याही राज्यात गेला तरी क्रमांक तोच. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाने बाळगावयाच्या शस्त्रांची मर्यादा तिनावरून दोनावर आणली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांची केली. नोंद आता यंत्रात राहते. राज्य बदलले तरी पहिली नोंद कोठली हे शोधण्यासाठी कोणा मुख्याध्यापकास पेटी उघडावी लागणार नाही. ही सुधारणाच होय. मात्र यंत्रातील नोंद नवी झाली की जुनी दिसेनाशी होते. आमच्या तीन पुस्तिकांत जुनी नोंद पुसली गेली नाही. मुंबईवर म्हैसूर व म्हैसूरवर कर्नाटक असे थर जमिनीच्या पोटातील थरांप्रमाणे एकावर एक राहिले.

या लेखाच्या निमित्ताने अकादमीच्या सभासदांस व शिक्षकबंधूंस एक विनंती करावीशी वाटते. आपल्या घरांतून अशी कागदपत्रे अद्याप आहेत : संस्थानी शिक्क्याचे परवाने, शाळा सोडल्याचे दाखले, शिधापत्रिका, खरेदीखते. सीमाभागाचा इतिहास आपण बहुधा ठराव, मोर्चे व निकाल यांच्या आधारे लिहितो, आणि ते आवश्यकही आहे. परंतु राज्य बदलणे ही गोष्ट घराच्या उंबरठ्याच्या आत कशी पोचली, हे या कागदांवाचून कळणार नाही. बडोद्याच्या एखाद्या घरात गायकवाड सरकार, मुंबई व गुजरात असे तीन शिक्के एकाच दप्तरात सापडतील. हैदराबादच्या घरात कदाचित चार. ते रद्दीत जाण्यापूर्वी गोळा झाले पाहिजेत.

यंदा दहावीच्या वर्गात राज्यपुनर्रचनेचा पाठ घेताना मी नकाशे टांगण्यापूर्वी त्या तीन पुस्तिका टेबलावर ठेवल्या आणि मुलांस पत्ता मोठ्याने वाचावयास सांगितले. तिन्हींतील पत्ता एकच निघाला. मग शिक्के वाचावयास सांगितले. वर्ग काही क्षण शांत राहिला, आणि मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “सर, मग आजोबांनी घर कधी बदलले?” त्या दिवशीचा पाठ मी तेथूनच सुरू केला.